प्राप्तिकराचा परतावा आणि घरचा हिशेब

पावसाळ्याच्या अखेरीस, ज्या घरांत कोणी नोकरदार आहे अशा घरांत, एक छोटासा संदेश मोबाइलवर येऊन थडकतो. प्राप्तिकर खात्यानें परताव्याची अमुक इतकी रक्कम बँकेच्या खात्यांत जमा केली, एवढाच त्याचा मजकूर. परंतु त्यानें घरांत जी चुळबुळ सुरू होते ती पाहण्यासारखी असते. दरमहाच्या पगाराचा कोणीं असा आनंद मानल्याचें ऐकिवांत नाहीं. पगार येतो तो वाण्याचा, दुधाचा, विजेचा, शाळेचा आणि हप्त्याचा होऊनच येतो. परतावा मात्र कोणाचाच नसलेला, मोकळा, जणूं वाटेंत सांपडलेला पैसा वाटतो. आणि वाटेंत सांपडलेल्या पैशाप्रमाणेंच तो खर्चहि होतो. दिवाळी होऊन गेली म्हणजे तो कोठें गेला, हें घरांतील कोणासच नीट सांगतां येत नाहीं.

वस्तुतः परतावा हा लाभ नव्हे. तें बक्षीस नव्हे आणि सरकारची कृपाहि नव्हे. जो कर देणें लागत नव्हता तो आधींच भरला गेला आणि हिशेब झाल्यावर तो परत आला, इतकाच त्याचा अर्थ. हा अर्थ एकदां मनांत नीट ठसला, तर परताव्याचें काय करावें या प्रश्नाचें निम्में उत्तर आपोआप मिळतें.

हिंदुस्थानांत प्राप्तीवरील कर प्रथम १८६० सालीं आला. १८५७ च्या युद्धानें रिती झालेली तिजोरी भरण्यासाठीं व्हाइसरॉयच्या कौन्सिलांतील अर्थखात्याचे सभासद जेम्स विल्सन यांनीं तो बसविला. पुढें १९२२ चा आणि १९६१ चा असे दोन मोठे कायदे झाले. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीं संसदेनें २०२५ सालीं नवा कायदा संमत केला व तो १ एप्रिल २०२६ पासून अंमलांत आणण्याचें ठरविलें. नोकरदाराच्या दृष्टीनें या सर्वांत महत्त्वाची गोष्ट एकच आहे. कर ठरतो तो संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर. परंतु त्याची वसुली मात्र वर्ष संपण्याची वाट न पाहतां, उत्पन्न हातीं येण्यापूर्वींच होत राहते. पगारांतून कचेरी कापते, ठेवीच्या व्याजांतून बँक कापते. कापणाऱ्यास माणसाची संपूर्ण स्थिति ठाऊक नसते. त्याच्यापुढें जेवढे कागद असतील तेवढ्यावर तो कापतो. कागद कमी पडले कीं कपात वाढते, आणि या वाढीव कपातीलाच पुढें परतावा असें गोड नांव मिळतें.

उदाहरणादाखल डोंबिवलीचें एक घर डोळ्यांपुढें आणावें. गृहस्थ एका खाजगी कचेरींत नोकरीस आहेत. घरीं पत्नी, दोन मुलें आणि बहात्तर वर्षांची आई. राहत्या घरासाठीं २५,००,००० रुपयांचें कर्ज वीस वर्षांच्या मुदतीनें, दरसाल दरशेंकडा साडेआठ व्याजानें घेतलेलें. त्याचा हप्ता २१,६९६ रुपये. पांच वर्षें सरलीं, पंधरा उरलीं. गेल्या वर्षीं या कर्जावर सुमारें १,९०,००० रुपये व्याज गेलें. गृहस्थांनीं जुनी करपद्धति पत्करलेली असल्यामुळें हें व्याज त्यांच्या करपात्र उत्पन्नांतून वजा व्हावयाचें होतें. त्यासाठीं बँकेचा दाखला जानेवारींत कचेरीस द्यावयाचा; तो आज देऊं, उद्यां देऊं म्हणतां म्हणतां राहून गेला. कचेरीनें नियमाप्रमाणें काम केलें. १,९०,००० रुपयांवर शेंकडा २०.८ प्रमाणें होणारा ३९,५२० रुपयांचा जादा कर तिनें जानेवारी, फेब्रुवारी व मार्च या तीन महिन्यांच्या पगारांतून कापून घेतला. म्हणजे दरमहा तेरा हजारांहून अधिक रक्कम हातीं आलीच नाहीं.

आईची गोष्ट याहून साधी. वडिलांच्या पश्चात् मिळालेले १८,००,००० रुपये तिच्या नांवें एकाच बँकेंत मुदत ठेवींत आहेत. शेंकडा सातप्रमाणें वर्षाचें व्याज १,२६,००० रुपये. ज्येष्ठ नागरिकांस एका बँकेंत वर्षाकाठीं १,००,००० रुपयांपर्यंत व्याज मिळालें तर त्यांतून कर कापला जात नाहीं, अशी मर्यादा एप्रिल २०२५ पासून आहे. व्याज त्या मर्यादेपलीकडे गेल्यामुळें बँकेनें संपूर्ण व्याजावर शेंकडा दहाप्रमाणें १२,६०० रुपये कापले. आईचें दुसरें कांहींहि उत्पन्न नाहीं, तेव्हां तिला मुळीं करच लागू नाहीं. तसें घोषणापत्र वर्षाच्या आरंभीं बँकेस दिलें असतें तर हा पैसा तिच्या खात्यांतून हललाच नसता.

दोन्ही विवरणपत्रें मुदतींत भरलीं गेलीं आणि सप्टेंबरांत दोन्ही परतावे आले. परताव्यावर सरकार दरमहा शेंकडा अर्धा रुपया व्याज देतें. मुदतींत विवरणपत्र भरणाऱ्यास तें वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून मोजलें जातें. (परताव्याची रक्कम ठरलेल्या कराच्या एकदशांशाहून कमी असेल तर मात्र व्याज मिळत नाहीं.) एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचें गृहस्थांस १,१८५ व आईस ३७८ रुपये व्याज मिळालें. गृहस्थांचे ४०,७०५ आणि आईचे १२,९७८ मिळून घरांत ५३,६८३ रुपये आले, असा हिशेब त्या रात्रीं जेवतांना झाला. मुलांना मोठा टेलिव्हिजन हवा होता. पत्नीच्या मनांत बऱ्याच दिवसांपासून कोंकणचा प्रवास होता. गृहस्थांचें मत कांहीं रक्कम शेअरबाजारांत घालावी असें पडलें. आई वाढीत होती. तिला कोणीं विचारलें नाहीं असें नव्हे, विचारलें तेव्हां ती म्हणाली, "मला कशाला पैसे? तुम्हांला काय हवें तें करा." आणि तें सर्वांनीं खरें मानलें.

या घराची चूक कोठें झाली तें पाहिलें म्हणजे परताव्याच्या विनियोगाचा क्रमहि स्पष्ट होतो.

पहिला प्रश्न, परतावा किती आला हा नव्हे, तर कोणाचा आला हा विचारावयाचा असतो. मुलानें आईचें विवरणपत्र भरलें, संदेश मुलाच्या मोबाइलवर आला, म्हणून पैसा मुलाचा होत नाहीं. कर आईच्या व्याजांतून कापला गेला. परतावा आईच्या पॅनवर, आईच्या खात्यांत आला. त्या १२,९७८ रुपयांची बेरीज घरच्या रकमेंत करणें हा हिशेबाचा पहिला दोष होय. ज्या माणसाचें उत्पन्न केवळ व्याजाचें, त्याच्यापाशीं वर्षभर हे बारा हजार नव्हते, ही गोष्ट लहान नाहीं. तिनें तक्रार केली नाहीं, याचा अर्थ तिला त्यांची उणीव भासली नाहीं असा होत नाहीं.

दुसरा प्रश्न, आलेली रक्कम बरोबर आहे काय, हा. बंगळूरच्या प्रक्रिया केंद्राकडून विवरणपत्राचा हिशेब तपासून जें सूचनापत्र येतें, तें वाचल्याखेरीज पैशाला हात लावूं नये. मागील एखाद्या वर्षाचें खात्याचें येणें राहिलेलें असेल, तर करदात्यास कळवून तें परताव्यांतून वळतें करून घेण्याचा खात्यास अधिकार आहे. रक्कम कमी आली तर कारण तेथें सांपडतें. परताव्याची मूळ रक्कम हें उत्पन्न नव्हे, परंतु तिच्यावरील व्याज हें उत्पन्न होय; पुढील विवरणपत्रांत तें दाखवावें लागतें. गृहस्थांच्या १,१८५ रुपये व्याजावर सुमारें २५० रुपये कर होईल. तेवढे आजच बाजूस ठेवणें शहाणपणाचें. याच दिवसांत खात्याच्या नांवानें खोटे संदेशहि पुष्कळ फिरतात. 'परतावा मंजूर झाला आहे, या दुव्यावर खातें क्रमांक व गुप्त अंक भरा' असें जेथें म्हटलेलें असेल, तेथें तो संदेश पुसून टाकावा. परतावा मिळण्यासाठीं कार्डाचा गुप्त अंक किंवा मोबाइलवर येणारा एकवार वापराचा अंक खातें कोणासहि विचारीत नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हा पैसा हातीं नव्हता त्या काळांत घर कशावर चाललें? या घरांत त्याचें उत्तर क्रेडिट कार्ड असें होतें. जानेवारी ते मार्च पगार तेरा हजारांनीं तुटला. त्याच वेळीं थोरल्या मुलीच्या शिकवणीवर्गाचा हप्ता आला. तो कार्डावर भरला गेला. मार्चअखेर २०,००० रुपयांची बाकी राहिली आणि ती तशीच पुढें चालत आली. या कार्डाचें व्याज दरमहा शेंकडा साडेतीन, म्हणजे ७०० रुपये. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु-सेवाकराचे १२६ रुपये. दरमहा ८२६ रुपये भरून मूळ बाकी जागच्या जागीं! एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत ४,९५६ रुपये असे गेले. आणि त्याच सहा महिन्यांत सरकारकडून ३९,५२० रुपयांवर व्याज मिळालें तें १,१८५. एका हातानें घरानें आपली मोठी रक्कम दरमहा अर्ध्या टक्क्यानें दुसऱ्याकडे ठेवली आणि दुसऱ्या हातानें तिच्या निम्मी रक्कम सातपट दरानें उसनी घेतली. दोन्ही गोष्टी एकाच गृहस्थांनीं, एकाच घरांत, एकाच वेळीं केल्या; परंतु एकीचा कागद कपाटांत आणि दुसरीचा मोबाइलमध्यें असल्यामुळें त्यांची गांठ कधीं पडली नाहीं.

यावरून विनियोगाचा क्रम सहज लागतो. जें कर्ज सर्वांत महाग, तें प्रथम. कार्डाची बाकी व चालू महिन्याचें व्याज मिळून २०,८२६ रुपये भरून टाकले पाहिजेत. वर्षाला शेंकडा बेचाळीस दरानें वाढणारें देणें उभें ठेवून शेअरबाजाराची वाट धरणें म्हणजे गळकी घागर तशीच ठेवून दुसरी विहीर शोधण्यासारखें होय. बाजारांतील कोणताहि व्यवहार इतक्या व्याजाची खात्री देऊं शकत नाहीं. देणें फेडलें तर तें व्याज मात्र खात्रीनें वांचतें.

त्यानंतर गंगाजळी. नोकरदार घरापाशीं निदान तीन महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम, हवी तेव्हां काढतां येईल अशा रीतीनें, बँकेंत असावी. या घराचा आवश्यक खर्च दरमहा ४५,००० धरला तर ही रक्कम १,३५,००० होते. परताव्यांतून ती एकदम भरणार नाहीं. परंतु १६,००० रुपयांचा आरंभ होऊं शकतो. कार्ड फिटल्यामुळें दरमहा मोकळे होणारे ८२६ रुपये तेथेंच घातले तर वर्षाला आणखी ९,९१२ रुपये पडतील. गंगाजळी असती तर मार्चांत कार्डाची बाकी राहिलीच नसती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिचें स्थान दुसरें कां, तें वेगळें सांगावें लागत नाहीं.

कार्डाची बाकी, व्याजावरील कराचे २५० रुपये आणि गंगाजळी वजा जातां गृहस्थांच्या परताव्यांतून ३,६२९ रुपये उरतात. ते निःशंकपणें मौजेस द्यावे. घर म्हणजे केवळ जमाखर्चाची वही नव्हे; वर्षभर काटकसर करणाऱ्या मुलाबाळांस एक दिवस नाटक आणि बाहेरचें जेवण यांत गैर कांहीं नाहीं. मात्र ही रक्कम शेवटीं उरलेली असावी, आरंभीं उचललेली नसावी.

ज्या घरांत कार्डाचें देणें नाहीं आणि गंगाजळीहि भरलेली आहे, त्या घरापुढें प्रश्न निराळा असतो. त्यानें गृहकर्ज फेडावें कीं दीर्घ मुदतीची बचत करावी? बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची रक्कम मुदतीपूर्वी भरणाऱ्या व्यक्तीकडून दंड घेऊं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालीं बँकांस बजावलेलें आहे. त्यामुळें ही वाट मोकळी आहे. वर सांगितलेल्या कर्जांतच पंधरा वर्षें उरलीं असतां एकदम ४०,००० रुपये भरले आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली, तर अखेरचे सुमारें साडेसहा हप्ते, म्हणजे जवळजवळ १,४०,००० रुपये, भरावे लागत नाहींत. आंकडा मोठा दिसतो. परंतु तो पंधरा वर्षांनंतरचा आहे, आणि त्याचा अर्थ ४०,००० रुपयांवर शेंकडा साडेआठ व्याज मिळालें एवढाच आहे, हेंहि विसरूं नये.

येथें करपद्धतीचा विचार येतो. जुन्या पद्धतीनें कर भरणाऱ्यास राहत्या घराच्या कर्जाचें व्याज २,००,००० रुपयांपर्यंत वजा मिळतें. शेंकडा २०.८ कर देणाऱ्या गृहस्थास साडेआठाचें व्याज त्यामुळें खरोखर सुमारें पावणेसातच पडतें. उलट सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचें, म्हणजे ज्यास लोक पी.पी.एफ. म्हणतात त्याचें, व्याज एप्रिल २०२० पासून २०२५ अखेरपर्यंत शेंकडा ७.१ राहिलें आणि तें करमुक्त आहे. अशा माणसास निधि किंचित् सरस ठरतो. परंतु त्यांतील पैसा पंधरा वर्षांच्या मुदतीनें अडकतो. नव्या करपद्धतींत राहत्या घराच्या व्याजाची सूट नाहीं; तेथें साडेआठ ते साडेआठच, आणि कर्ज फेडणेंच अधिक हिताचें. निधींत पैसे भरावयाचे झाल्यास महिन्याच्या ५ तारखेच्या आंत भरावे. कारण ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर त्या महिन्याचें व्याज मोजलें जातें.

कित्येकांचें म्हणणें असें असतें कीं, कपात जास्त होते तेंच बरें. एरवीं आमच्या हातून एवढी बचत झालीच नसती. या म्हणण्यांत मनुष्यस्वभावाचें खरें ज्ञान आहे. तें हंसून सोडून देण्यासारखें नाहीं. परंतु हातांत पैसा टिकत नाहीं ही अडचण असेल, तर तिला दुसरा उपाय आहे. पगाराच्या दिवशींच दरमहा ३,३०० रुपये खात्यांतून परस्पर आवर्ती ठेवींत जातील अशी सूचना बँकेस द्यावी. वर्षाअखेर ३९,६०० रुपये मूळ आणि शेंकडा साडेसहा दर धरला तर सुमारें १,४०० रुपये व्याज जमतें. बचत तितकीच सक्तीची, पण अडचणींत मोडतां येण्यासारखी; आणि तीन महिन्यांवर एकदम घाला घालणारी नव्हे.

म्हणून परताव्याचा सर्वांत उत्तम उपयोग कोणता, असें विचारल्यास, पुढील वर्षीं तो येणारच नाहीं अशी तजवीज करणें, हें उत्तर द्यावें लागेल. एप्रिलांत कचेरीस कोणती करपद्धति हवी तें कळवावें. कर्जाच्या व्याजाचा दाखला जानेवारीची वाट न पाहतां मिळवून ठेवावा. घरांतील वृद्धांच्या ठेवींसाठीं घोषणापत्र वर्षारंभींच प्रत्येक बँकेस द्यावें. सर्व ठेव एकाच बँकेंत न ठेवतां ती तीन-चार बँकांत वांटणें हेंहि हिताचें. कारण फेब्रुवारी २०२० पासून ठेवींचें विमासंरक्षण प्रत्येक बँकेंत प्रत्येक ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून ५,००,००० रुपयांपर्यंतच आहे. आईचे अठरा लाख एकाच बँकेंत ठेवतांना हा विचार घरांत कोणींच केला नव्हता.

त्या घरांत पुढें काय झालें तें सांगून हा विषय पुरा करावयास हरकत नाहीं. कार्डाचा कागद आणि परताव्याचा कागद पत्नीनें एके रविवारीं शेजारीं शेजारीं मांडले, आणि टेलिव्हिजनची गोष्ट पुढें कोणीं काढली नाहीं. संध्याकाळीं गृहस्थांनीं आईचें पासबुक भरून आणलें, तिच्या हातांत दिलें आणि "आई, हे तुझे बारा हजार नऊशें अठ्ठ्याहत्तर रुपये, यांचें काय करूं तें तूं सांग" असें म्हणून ते तेथेंच बसून राहिले. पहिल्यानें ती "मला कशाला?" असेंच म्हणाली. बऱ्याच वेळानें, पासबुक मिटून, तिनें सांगितलें कीं, तिची कवळी दोन वर्षांपासून हिरडीला लागते. नवी करून मिळाली तर बरें होईल. दोन वर्षें ती भाकरी आमटींत बुडवून खात होती. म्हातारपणीं तिला तशीच आवडूं लागली असावी, असें घरांत सर्वांस वाटत होतें.